जागा नोंदवू का?

लुवांगच्या राजधानीत मोर्चे निघायला लागले तेव्हा तिथली माणसं रस्त्याच्या मधून चालत नव्हती. डाव्या कडेने, गटारापासून दोन पावलं आत, लांबच लांब ओळ करून चालत होती. कारण त्या पट्ट्याखाली आमची केबल पुरलेली आहे. आम्हाला नीट ऐकू जावं म्हणून ती चालताना पाय आपटत होती. त्यात शाळकरी पोरं होती, गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या होत्या. पावलांच्या वजनावरून आणि चालीवरून हे सगळं कळतं. त्यांची समजूत अशी की, केबलने ऐकलं की मित्रदेश धावत येतील. ही समजूत त्यांना करून दिली आमच्याच रुमेनने, आणि तो खोटं बोलत होता असं मला आजही म्हणवत नाही. त्याला ते खरंच वाटत होतं.

मी हेमांगी आरोलकर. वेंगुर्ल्याच्या श्रवण केंद्रात मुख्य विश्लेषक आहे. गावात आमच्या केंद्राला कानाचा दवाखाना म्हणतात. सुरुवातीला दोन-तीन म्हातारे खरोखर कान दाखवायला आले होते. त्यांना मी चहा पाजून परत पाठवलं. आता वाटतं, त्यांचे कान तपासले असते तर निदान कुणाचं तरी भलं झालं असतं.

केबल कशी ऐकते ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच अडलं. समुद्राखालून जाणाऱ्या केबलमध्ये केसाएवढा बारीक काचेचा तंतू असतो. इकडून आपण त्यात लेसरचा एक ठोका सोडायचा. काच कितीही शुद्ध केली तरी तिच्यात बारीक दोष राहतातच, आणि प्रत्येक दोषावर आपटून थोडासा प्रकाश मागे येतो. वर जमिनीवर कुणी चाललं, गाडी गेली, गोळी सुटली की माती थरथरते, काच इतकीशी ताणली जाते आणि मागे येणारा प्रकाश किंचित बदलतो. त्या बदलातून आवाज उभा करता येतो. पूर्वी हे शे-दीडशे किलोमीटरपर्यंत जमायचं. नवी काच आली, वाटेत प्रकाश वाढवणारे प्रवर्धक बदलले आणि चार हजार किलोमीटरवर पडलेलं पाऊल वेंगुर्ल्यात ऐकू यायला लागलं.

आता आवाज कुठून आला हे कसं कळतं? प्रकाशाला परत यायला किती वेळ लागला, त्यावरून. काचेतून तो सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. वेळ मोजला की अंतर मिळतं, पाच-सात मीटर इकडेतिकडे. म्हणजे आमच्याकडे आवाज आणि पत्ता या दोन वेगळ्या वस्तू नाहीतच. पत्ता काढून टाकला तर उरते ती नुसती खरखर. ती लुवांगची आहे की आमच्या बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्याची, हे मलाही सांगता येणार नाही.

या केबलच्या जिवावर सात देशांनी मिळून साक्ष करार केला. लुवांगसारखे काही लहान देशही त्यात आले. एखाद्या सरकारने नि:शस्त्र लोकांवर गोळ्या चालवल्या आणि केबलने तशी साक्ष दिली, तर सातही देशांनी मिळून पाऊल उचलायचं. त्या देशाची बंदरं अडवायची, पैसा गोठवायचा, अडकलेल्या माणसांना विमानाने बाहेर काढायचं. अट एकच, सातांचं एकमत हवं. कागदावर त्यांचं नाव सप्तराष्ट्र मित्रगट. आम्ही मित्रमंडळ म्हणायचो, कारण मांडव कुठे घालायचा यावरच त्यांची वर्षभर भांडणं चालत.

करारावर लुवांगच्या निवडून आलेल्या सरकारने सही केली होती. पुढे सेनापतींनी ते सरकार उलथवलं, पण करार फाडला नाही. फाडतील कशाला? त्यात त्यांच्याही सोयीचं एक कलम होतं. त्याच्याकडे मी पुढे येतेच.

रुमेन त्याच लुवांगचा. केबल टाकायचं काम शिकायला तो आमच्याकडे आला आणि आठ महिने आमच्याच माडीवर राहिला. मला ताई म्हणायचा. माझ्या आईने त्याला मालवणी शिकवली, त्यामुळे त्याचं मराठी ऐकून केंद्रातले पुण्याचे लोक हसत. सोलकढी तो वाट्यांनी नाही, तांब्याने प्यायचा. आमच्या जीपच्या दारात त्याचं बोट चेंगरलं आणि ते वाकडंच जुळलं. तेव्हा आईने त्याला लहान मुलासारखं हाताने भरवलं होतं. मला भाऊ नाही. तो गेल्यावर माडीची खोली भाड्याने द्यायचा विषय मी काढला, तर आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

त्याच्याबरोबर केलेलं एक काम सांगायला हवं. केबल जोडल्यावर जागा पक्की करायची असते. बाहेरचा माणूस रस्त्याखालच्या चेंबरमध्ये उतरून केबलवर बोटाने थापा मारतो. आत बसलेल्याला त्या दिसल्या की त्याने अंतर काढायचं आणि लेसर क्षणभर दोनदा बंद करायचा. बाहेरच्याच्या हातात प्रकाश मोजणारा पॉवर मीटर असतो, त्याचा आकडा दोनदा पडतो. त्याचा अर्थ, जागा नोंदवू का? बाहेरच्याने तीन थापा मारल्या की नोंदव. लेसर एकदाच बंद केला तर थांब, हात लावू नकोस. फोन असले तरी आम्ही हेच करायचो, कारण चेंबरमध्ये फोन लागत नाही. रुमेनची तिसरी थाप नेहमी जरा मागे राहायची. ते वाकडं बोट.

गोळीबार झाला त्या दिवशी मी ड्यूटीवर होते. सकाळचे दहा वाजून गेले होते. पडद्यावर मोर्चाची पावलं नेहमीसारखी चालली होती. मग समोरून ट्रक आले, थांबले, आणि सुरू झालं. फटाका आणि गोळी यात फरक असतो. बंदुकीची गोळी आवाजाच्या पुढे पळते, त्यामुळे आधी तिचा कडाका येतो आणि मागून बंदुकीचा धक्का. केबलवर ते दोन वेगळे दिसतात. मला दोन्ही दिसत होते, पुन्हा पुन्हा. पावलं पांगली. काही माणसं केबलवरच पडली आणि उठली नाहीत. मी नोंदी करत राहिले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

संध्याकाळी मित्रगटाचे समन्वय अधिकारी टिपणीस केंद्रात येऊन बसले. श्रीरंग टिपणीस, पन्नाशीचे, हळू आवाजात बोलणारे. माणूस वाईट नाही. हे मी राग गिळून लिहिते आहे.

"सेनापतींचं उत्तर आलंय," ते म्हणाले. "लष्कर दिनाचे फटाके होते म्हणे."

"फटाके फुटल्यावर माणसं आडवी होतात का, टिपणीससाहेब?"

"मला पटवू नका हो, मला पटलंय. सहा देशांनाही पटलंय. सातव्याचं म्हणणं पडलं, यंत्राच्या साक्षीला जिवंत माणसाची जोड हवी. तिथे त्यांची बंदरात गुंतवणूक आहे, काय बोलायचं आता."

"जिवंत माणूस आणू कुठून? फोन बंद, इंटरनेट बंद. वार्ताहर विमानतळावरूनच परत पाठवले."

"ते मलाही माहीत आहे," टिपणीस म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीच्या आधी मला थापा दिसल्या.

जुन्या टपाल कचेरीसमोरचं चेंबर. तीन थापा, थोडी विश्रांती, पुन्हा तीन. तिसरी मागे राहणारी. मी खुर्चीवरून उठले आणि परत बसले. कानाला हेडफोन लावून ऐकलं. थापांच्या मागे दुसरेही आवाज होते. कुणीतरी हुंदके देत होतं, कुणीतरी कण्हत होतं, आणि अधूनमधून एक लहान मूल खोकत होतं. गोळीबारातून वाचलेल्यांना घेऊन रुमेन चेंबरमध्ये उतरला होता. ते चेंबर म्हणजे जमिनीखालची एक कोंदट खोली, वर लोखंडी झाकण. झाकणावरून सैनिकांची गस्त चालली होती. तिचे बूट मला त्याच्याही आधी ऐकू येत होते.

मी लेसर तीनदा बंद-चालू केला. ऐकलं रे, एवढंच. थापा थांबल्या, आणि मग इतक्या भराभर आल्या की मोजता येईनात. मी हेडफोन काढून रडले. टिपणीस शेजारी उभे होते.

"तुमच्या ओळखीचा आहे?" त्यांनी विचारलं.

"माझा भाऊ आहे," मी म्हटलं.

मग खरं बोलणं सुरू झालं. ही थाप म्हणजेच जिवंत माणसाची साक्ष, टिपणीस म्हणाले. ही दाखवली तर सातवा देश नाही म्हणू शकणार नाही. मित्रगटाचं जहाज लुवांगच्या किनाऱ्यापासून लांब नाही, त्यावर हेलिकॉप्टर आहेत. एकमत झालं की दोन तासांत ती टपाल कचेरीवर.

"मग द्या. पण जागा काढून द्या," मी म्हटलं.

"जागा काढली तर पुरावा राहतो का?"

उत्तर मीच त्यांना पहिल्या महिन्यात शिकवलं होतं.

"आणि ते कलम?" मी विचारलं.

हेच ते सोयीचं कलम. उत्तराचा हक्क. ज्या सरकारवर आरोप आहे, त्याला कारवाईआधी पुरावा दाखवायचा. दिसायला किती न्यायाचं. करार झाला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. पण आरोपीला साक्षीदार दाखवताना त्याच्या घराचा पत्ताही हातात द्यायचा, एवढाच त्याचा अर्थ आहे, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. आम्ही सगळे यंत्रवाले आणि करारवाले. केबलला घर नसतं, केबलला कुणी मारत नाही. साक्षीदार माणूस असू शकतो, हे आम्ही धरलंच नव्हतं.

"आधी हेलिकॉप्टर उडतील, मग पुरावा तिकडे जाईल," टिपणीस म्हणाले. "मी अध्यक्षांशी बोललोय. शब्द दिलाय त्यांनी."

"आणि नाही उडाली तर?"

"नाही दिला पुरावा तर ती माणसं त्या खड्ड्यात किती दिवस काढतील, हेमांगीताई?"

त्यांनी ताई म्हटलेलं मला आवडलं नाही. पण प्रश्न खोटा नव्हता. पाणी नाही, जखमी आहेत, मूल खोकतंय. एक ना एक दिवस गस्तवाला थांबणारच होता.

मी टिपणिसांना सांगितलं, हे मी ठरवणार नाही, तुम्हीही नाही. आणि लेसर दोनदा बंद केला.

जागा नोंदवू का?

करार रुमेनला ठाऊक होता. त्यातली कलमं त्याने आमच्या माडीवर बसून आईला समजावून सांगितली होती. आई म्हणाली होती, "सात जाण इले तरी कामाक एकच लागता रे बाबा." तो खूप हसला होता. आता तो अंधारात हातातल्या मीटरचा पडलेला आकडा बघत असणार. मला वाटलं, विचार करेल, आतल्या माणसांना विचारेल. त्याने कसलाही वेळ घेतला नाही. एक, दोन आणि मागून तिसरी. नोंदव.

इतका विश्वास.

मी जागा नोंदवली.

मित्रगटाची बैठक पडद्यावर होती आणि मला साक्ष देण्यासाठी बसवलं होतं. थापा ऐकवल्या. सातव्या देशाच्या प्रतिनिधी बाई अगदी सभ्य होत्या. हा पाण्याचा पंप कशावरून नाही, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, पंप खोकत नाही. मग त्या म्हणाल्या, हे हृदयद्रावक आहे. सगळे देश म्हणाले, हृदयद्रावक आहे. मला वाटलं झालं, आता उडाली हेलिकॉप्टर.

पण मसुदा करायचा होता. 'हत्याकांड' शब्दाला एका देशाची हरकत, कारण तो शब्द वापरला की त्यांच्या कायद्याने व्यापार थांबवावा लागतो. 'बळाचा अतिरेक' चालेल. 'ताबडतोब'ऐवजी 'शक्य तितक्या लवकर'. मग सातव्या देशाच्या बाईंनी अगदी शांतपणे मुद्दा मांडला. दुसऱ्या देशाच्या हद्दीत हेलिकॉप्टर न्यायची, तर करार अक्षरशः पाळायला हवा, नाहीतर उद्या आपल्यालाच दोष येईल. पुरावा आधी लुवांगला पाठवू, उद्या सकाळपर्यंत त्यांचं उत्तर घेऊ, मग एकमताने उड्डाण.

टिपणीस उठून उभे राहिले. ते समन्वय अधिकारी, त्यांना बैठकीत बोलायचा अधिकार नाही. तरी बोलले. "त्यात माणसांचा पत्ता आहे," म्हणाले. अध्यक्षांनी त्यांचे आभार मानले आणि त्यांचा आवाज बंद केला. मी ओरडत होते, पण माझा आवाज साक्ष संपल्यावरच बंद केलेला होता. पडद्यावर सात हात वर गेले. जे एकमत आम्हाला हवं होतं ते झालं, पुरावा पाठवण्यावर.

मी धावत यंत्राकडे गेले. मागून टिपणीस.

"त्यांना बाहेर पडायला सांगा," ते म्हणाले.

"कसं सांगू? दोनच खुणा आहेत माझ्याकडे. जागा नोंदवू का, आणि थांब. पळ अशी खूण आम्ही केलीच नाही. केबल जोडताना पळायची वेळ कुणावर येते?"

आणि बाहेर पडून तरी जाणार कुठे? जखमी खांद्यावर घेऊन, भरदुपारी, लष्कराच्या रस्त्यावर.

काही वेळ नेहमीची गस्त चालली. मग उत्तरेकडून ट्रकांचे आवाज आले. ते इकडेतिकडे शोधत आले नाहीत, सरळ आले. टपाल कचेरीपाशी इंजिनं बंद झाली. बूट उतरले, पसरले आणि चेंबरच्या चारी बाजूंनी उभे राहिले. रुमेनला वर हालचाल लागली असणार. त्याला वाटलं, आलेच आपले. कारण त्याने थापा मारायला सुरुवात केली, मोठ्या, झाकणावरच. तीन, तीन, तीन.

मी लेसर एकदा बंद केला. थांब.

थापा तिथल्या तिथे थांबल्या.

कामात तो असाच होता. आतल्या माणसाने थांब म्हटलं तर का म्हणून विचारायचं नाही, हे मीच त्याला शिकवलं होतं. हुंदकेही थांबले, म्हणजे त्याने सगळ्यांना गप्प केलं असणार. ते मूल एकदा खोकलं, अर्धवट, कुणीतरी तोंडावर हात ठेवल्यासारखं. मग झाकण सरकल्याचा आवाज आला.

त्यानंतरचं मी नोंदवलं आहे. ते मी इथे लिहिणार नाही. मागितलं तर मित्रगटाला मिळेल. त्यांनी मागितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लुवांगचं उत्तर आलं, एका ओळीचं. नमूद केलेल्या ठिकाणी प्रत्यक्ष पाहणी केली, तिथे कोणीही नाही. मित्रगटाने आमच्याकडे खातरजमेसाठी विचारणा केली, त्या ठिकाणाहून सध्या काही आवाज येतो का? केंद्राच्या प्रमुखांनी खरं तेच कळवलं. येत नाही. दुपारी सात देशांचं संयुक्त निवेदन प्रसिद्ध झालं. त्यात तीव्र चिंता होती, सर्व बाजूंना संयमाचं आवाहन होतं, आणि संबंधित ठिकाणी आता कोणताही आवाज आढळत नसल्याने उड्डाणाचा प्रस्ताव तूर्त मागे घेण्यात येत असल्याचं होतं. पुराव्याच्या उत्कृष्ट दर्जाबद्दल वेंगुर्ला केंद्राचं कौतुकही होतं.

टिपणिसांनी ते मला स्वतः वाचून दाखवलं. मग म्हणाले, "मी राजीनामा देतोय."

"द्या," मी म्हटलं. "तुमच्या जागी दुसरा येईल. तो बैठकीत उभासुद्धा राहणार नाही."

मी त्यांना चहाही विचारला नाही.

घरी गेले तर आई ओट्यावर आमसुलं भिजत घालत होती. तिला बातम्यांतून गोळीबाराचं कळलं होतं, बाकी काही नाही.

"रुमेनचो काय आवाज इलो काय गो?" तिने विचारलं. फोन म्हणाली नाही, आवाज म्हणाली. आमच्या कामाचं तिला तेवढं कळतं.

"इलो," मी म्हटलं.

"मगे बरो आसा मां?"

मी हो म्हटलं. पुढे ती माडीची खोली झाडून घ्यायचं बोलायला लागली, सुटून आला तर इकडेच येईल म्हणून. मी तोंडावर पाणी मारायला मागीलदारी गेले आणि तिथेच बसले.

मी नोकरी सोडलेली नाही. का, ते सांगते. चौथ्या दिवशी लुवांगच्या दक्षिणेकडच्या बंदराच्या गावात पावलं सुरू झाली. रस्त्याच्या डाव्या कडेने, गटारापासून दोन पावलं आत. आधी थोडी, मग इतकी की पडदा भरून गेला. पाय आपटत होते. राजधानीतल्या माणसांनी तीन-तीन थापा मारून साक्ष दिली आणि सात देशांनी एकत्र येऊन निवेदन काढलं, एवढंच बहुधा त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. त्यांना वाटलं असणार, अजून थोडं जोरात आपटायला हवं. मधूनच ती सगळी थांबायची आणि तीन वेळा आपटायची. रुमेनची खूण आता सगळ्यांना माहीत झाली होती. फक्त तिसरं पाऊल कुणाचं मागे राहत नव्हतं.

पडद्याच्या कडेला, त्या गावाबाहेर, ट्रक उभे होते. त्यांची इंजिनं चालू होती.

मी लेसर एकदा बंद केला. थांबा. पुन्हा बंद केला. पुन्हा. हात दुखेपर्यंत तेच करत राहिले. पण रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाच्या हातात पॉवर मीटर नसतो. ती पाय आपटत पुढे चालली होती.